डिस्पोजलच्या विलीज जीपचं इंजिन त्रास देतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगतो, हे सगळं डिस्पोजलच्या, म्हणजे लष्कराने विकून टाकलेल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या गाड्यांबद्दल आहे, म्हणजे १९४१ ते १९४५ मधल्या. दोन्हींचं इंजिन एकच, साइड व्हॉल्व्हवालं (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाही, सिलिंडरशेजारी) 'गो डेव्हिल'. त्यातलं बरंचसं पुढच्या जीपांनाही चालतं, पण आकडे तपासून घ्या. आणि एक विनंती, कुठलाही मिस्त्री 'इंजिन उतरवावं लागेल' म्हणाला की लगेच मान डोलवू नका, आधी खालचं सगळं बघा, दहातल्या आठ वेळा भानगड अर्थिंग, करंट नाहीतर पेट्रोलच्या लाइनमध्ये असते आणि बिचाऱ्या इंजिनाला उगाच खोलून ठेवलेलं असतं.

प्र. जीपला मिलिटरी ट्रक का म्हणतात?
कारण अमेरिकन आर्मीच्या कागदावर ती ट्रकच आहे. 'ट्रक, पाव टन, ४ x ४' असं तिचं सरकारी नाव. विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांच्या वर बनल्या, त्यातल्या बऱ्याच लढाई संपल्यावर आपल्याकडे डिस्पोजलमध्ये निघाल्या. पुढे १९४९ मध्ये महिंद्राने मुंबईत माझगावला विलीज जोडायला सुरुवात केली, त्यामुळे पार्ट आणि मिस्त्री दोन्ही आपल्याकडे टिकले, नाहीतर या गाड्या कधीच भंगारात गेल्या असत्या.

प्र. माझ्या गाडीत ओरिजिनल इंजिनच आहे हे कसं ओळखायचं?
बॉनेट उघडा. इंजिनचं हेड वरून सपाट, प्लग वरून घुसलेले, वर कुठलंही झाकण नाही, असं असेल तर गो डेव्हिल. वर रॉकरचं पत्र्याचं झाकण असेल आणि कार्बोरेटर हेडवर बसलेला असेल तर ते हरिकेन, म्हणजे नंतरच्या सीजे-थ्री-बीचं. आपल्याकडे असले बदल सर्रास झालेत, कागदावर १९४४ आणि आत साठच्या दशकातलं इंजिन. डिझेल बसवलेल्याही ढिगाने आहेत. हे आधी ओळखायचं कारण असं की टॅपेटचा गॅप वेगळा असतो, गो डेव्हिलला थंड इंजिनवर इनलेट-एक्झॉस्ट दोन्हींना १४ थाउ (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि हरिकेनला इनलेट १८, एक्झॉस्ट १६. एकाचे आकडे दुसऱ्याला लावले की व्हॉल्व्ह जळू शकतो. फायरिंग ऑर्डर मात्र दोघांची सारखी, १-३-४-२.

प्र. गाडी कित्येक वर्षं गोठ्यात उभी होती. बॅटरी लावून सेल्फ मारू का?
अजिबात नको. आधी चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल घाला, एक रात्र जाऊ द्या. मग पुढून हँडल घालून हाताने हळू फिरवून बघा. मोकळं फिरलं तर देवाची कृपा. मग चेंबर खाली घ्या, म्हणजे ऑइल संप. हे काम लोक टाळतात आणि नंतर रडतात. तळाशी काळा चिखल साचलेला असतो आणि या इंजिनाचं ऑइल ओढणारं तोंड तरंगतं असतं, त्याची जाळी चिखलाने बुजली की नवीन ऑइल घालूनही प्रेशर येत नाही. वर हल्लीचं डिटर्जंटवालं ऑइल जुना चिखल सुटा करतं आणि तोच बेअरिंगपर्यंत पोचतो. म्हणून आधी चेंबर साफ, मग नवीन ऑइल.
टाकीतलं जुनं पेट्रोलही काढून टाका. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, सीट उचलली की झाकण. टॉर्च घेऊन बघा, आत गंज दिसतो का ते, पण टाकीत पेट्रोलची वाफ असताना आत डोकावताना बिडी-सिगारेट लांब ठेवा, हे सांगावं लागतंय कारण लोक करतात.

प्र. हँडलनेही फिरत नाही, जॅम आहे. संपलं का?
नाही. डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं पातळ ऑइल (एटीएफ) निम्मं निम्मं करून प्लगच्या भोकातून घाला आणि विसरून जा, चांगले आठ-दहा दिवस. मधेमधे टॉप गिअरमध्ये टाकून गाडी पुढे-मागे हलवा, झटके देऊ नका. तरी नाही सुटलं तर हेड काढा. सपाट हेडचा हा मोठा फायदा, हेड काढणं सोपं आहे आणि काढलं की पिस्टनचं डोकं आणि व्हॉल्व्ह सगळं समोर दिसतं. पुष्कळदा पिस्टन मोकळेच असतात, व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटून वर अडकलेला असतो. वरून हातोडी मारू नका, भेदक तेल सोडा आणि फिरवत फिरवत खाली आणा.

प्र. सेल्फ मारला की कण्हतो, फिरतच नाही धड. बॅटरी नवीन आहे.
हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि याचं उत्तर जवळजवळ नेहमी एकच, वायर. ही गाडी ६ व्होल्टची आहे. तेवढ्याच ताकदीसाठी १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणजे केबल जाड पाहिजे, आणि बाजारातला माणूस तुम्हाला कारची बारीक केबल गळ्यात मारतो. दिसायला नवी, आत तांबं कमी. अंगठ्याएवढी जाड केबल घ्या, टोकाचे लग (बोल्टला लावायच्या टोप्या) नीट दाबून सोल्डर केलेले असू द्या.
मग अर्थिंग. बॅटरीचं निगेटिव्ह चॅसीला जातं, पण इंजिन रबरावर बसलंय, त्यामुळे इंजिन ते चॅसी अशी विणलेली पट्टी लागतेच. ही पट्टी रंग मारताना काढतात आणि परत लावायला विसरतात, किंवा रंगावरच बोल्ट आवळतात. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, मग आवळा.
मीटर असेल तर अंदाज करायची गरजच नाही. बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर ६.३ व्होल्टच्या आसपास दाखवेल. आता एकाला सेल्फ दाबायला सांगा आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा. अर्धा व्होल्ट दाखवत असेल तर तुमचा अर्धा व्होल्ट त्या अर्थिंगमध्येच मरतोय, आणि सहातून अर्धा जाणं म्हणजे काय ते सांगायला नको. हीच टेस्ट पॉझिटिव्हच्या बाजूलाही करा, बॅटरीची खुंटी ते सेल्फची खुंटी. पायाने दाबायचा जो सेल्फचा स्विच आहे त्याचे आतले तांब्याचे कॉन्टॅक्टही जळलेले असतात, तेही यात कळतं.

प्र. सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन पकडत नाही.
आता दोनच गोष्टी, करंट आहे का आणि पेट्रोल येतंय का. ताप बघायच्या आधी ऑपरेशन करत नाहीत, तसं हे बघायच्या आधी कार्बोरेटर खोलायचा नाही.
प्लगची वायर काढून टोक हेडपासून साधारण पाव इंच लांब धरा, इन्सुलेटेड पकडीनेच. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी पाहिजे. पिवळी मरतुकडी असेल तर पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट, बघा. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून हँडलने इंजिन फिरवा, पॉइंट पूर्ण उघडतील तिथं थांबा आणि फिलर गेज घाला, २० थाउ पाहिजे. पॉइंटच्या तोंडावर खड्डा आणि उंचवटा झाला असेल तर कंडेन्सर गेलाय. आणखी एक, बराच काळ उभ्या गाडीच्या पॉइंटवर न दिसणारा थर येतो, कोरा कार्डपेपर मधून दोनदा ओढला की ठिणगी येते, नवीन पार्ट घ्यायची गरजच नाही. प्लगचा गॅप ३० थाउ.
करंट चांगला असेल तर कार्बोरेटरला जाणारा पाइप सोडून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. दणक्यात पिचकारी आली पाहिजे. नाही आली तर लगेच एसी पंपाला, म्हणजे इंजिनवरच्या एसी कंपनीच्या पेट्रोल पंपाला, शिव्या घालू नका. टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ओढणीची आहे, म्हणजे तिथे भेग असली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, आणि बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या पत्र्यावरच्या) फिल्टरचं पॅकिंग आणि चॅसीवरून पंपाकडे येणारा रबरी पाइप, हे दोन गुन्हेगार. खात्री करायची असेल तर पंपाच्या तोंडाला नवीन रबरी पाइप लावून तो सरळ पेट्रोलच्या छोट्या कॅनमध्ये सोडा. आता पिचकारी आली तर पंप निर्दोष.

प्र. ऑइल पंप काढून परत बसवला आणि गाडी बंदच पडली. वायरी सगळ्या जागेवर आहेत.
टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हललं. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर ऑइल पंपाच्या शाफ्टवर चालतो, पंप ब्लॉकच्या एका बाजूला आणि डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या बाजूला, मध्ये खाच आणि जीभ. खाच मुद्दाम मध्यापासून थोडी बाजूला आहे, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर एकाच पद्धतीने बसतो, पण पंप मात्र कुठल्याही दातावर बसतो आणि लोक तिथेच फसतात. एक दात इकडेतिकडे झाला की डिस्ट्रिब्युटर कितीही फिरवा, पुरत नाही.
पहिला सिलिंडर, म्हणजे रेडिएटरकडचा, कॉम्प्रेशनवर आणा. फ्लायव्हील हाउसिंगवर उजव्या बाजूला एक छोटं झाकण आहे, ते सरकवलं की फ्लायव्हीलवरच्या खुणा दिसतात, टीसी (पिस्टन अगदी वर, म्हणजे टॉपला) आणि आयजीएन (ठिणगी पडायची जागा). आयजीएनची खूण समोर आणा, ती टॉपच्या ५ अंश आधी आहे. आता रोटर पहिल्या वायरकडे बघतोय का बघा, नसेल तर पंप परत बाहेर. बघत असेल तर ६ व्होल्टचा बल्ब पॉइंटला जोडून डिस्ट्रिब्युटर इतपत फिरवा की पॉइंट नुकते उघडतील. रोटर वरून बघताना घड्याळाच्या उलटा फिरतो, वायरी त्याच दिशेने १-३-४-२ लावा. घड्याळाच्या दिशेने लावल्या की गाडी फक्त फटाके फोडते.

प्र. थंड असताना एका झटक्यात चालू, गरम झाली की बंद, अर्ध्या तासाने परत चालू. घाटात तर ठरलेलंच.
याला दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हींची लक्षणं सारखी. म्हणून बंद पडल्या पडल्या, थंड व्हायच्या आत, ठिणगी बघा. ठिणगी मेलेली असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन मान टाकतोय. जो मेलाय तो बदला, विषय संपला.
ठिणगी निळी असेल तर पेट्रोलची वाफ होतेय. पंपावर ओलं फडकं टाकायची आपली जुनी पद्धत आहे, ती चालते, पण तो इलाज घरी पोचण्यापुरता. मूळ कारण बघा. साइड व्हॉल्व्ह इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (मिश्रण आत आणि धूर बाहेर नेणारी नळकांडी) एकाच बाजूला, एकमेकांना चिकटून, आणि कार्बोरेटर बरोबर त्यांच्या डोक्यावर. मॅनिफोल्डमध्ये थंडीत कार्बोरेटरखाली उष्णता वळवायची एक झडप आहे, स्प्रिंगवर चालणारी. ती गंजून 'गरम कर' या बाजूला अडकली असेल तर मे महिन्यात विदर्भात काय होणार ते तुम्हीच सांगा. ती मोकळी करा. कोकणात, मराठवाड्यात कुठेही तिची फारशी गरज नाही, उष्णता न वळवणाऱ्या बाजूला बांधून ठेवली तरी माझ्या मते काही बिघडत नाही, शुद्धतावाले ओरडतील, ओरडू द्या. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब आहे ना तेही बघा, नवीन बसवणारे सोयीने वाकवतात.

प्र. आता सगळीकडे इथेनॉलवालं पेट्रोल आहे. जुन्या इंजिनाला त्रास होतो का?
होतो, पण लोक घाबरतात तसा नाही, वेगळ्या जागी होतो. इंजिनाचं लोखंड काही वितळत नाही. जुनं रबर आणि जुनी लाख वितळते. एसी पंपाचा जुना डायफ्राम (आतला पडदा) मऊ पडतो किंवा कडक होऊन फाटतो, आणि फाटला की पेट्रोल गुपचूप चेंबरमध्ये उतरतं. म्हणून ऑइलची दांडी काढून नुसती पातळी बघू नका, वास घ्या. पातळी आपोआप वाढलेली आणि पेट्रोलचा वास, अशी गाडी चालू करायची नाही, बेअरिंग जातील. टाकीच्या काट्याचा फ्लोट बुचाचा असेल तर त्याच्यावरची लाखही सुटते आणि काटा कायमचा तळाला.
दुसरं म्हणजे २० टक्के इथेनॉलला तेवढ्याच हवेत साधारण सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं, पण जुना कार्बोरेटर आपल्या जुन्या हिशोबानेच देतो. मग इंजिन थोडं उपाशी चालतं, गरम होतं, पिकअपला शिंकतं. जेट किंचित मोठा करून घ्या, जाणत्या माणसाकडून.
तिसरं पाणी. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, पावसाळाभर गाडी उभी राहिली की तळाशी पाण्याचा थर आणि गंज. जूनच्या आधी टाकी एकतर गच्च भरा नाहीतर पूर्ण रिकामी करा. पाइप बदलताना व्हायटॉनचाच, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा, मागा. महाग आहे, घ्या. आणि महागाच्या जास्त ऑक्टेनवाल्या पेट्रोलवर पैसे घालू नका, या इंजिनाचं कॉम्प्रेशन ६.४८ ला १ आहे, ते त्या काळच्या सत्तरेक ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनलंय.

प्र. दहा-पंधरा किलोमीटर छान जाते, मग गुदमरून बंद.
टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' आवाज येऊन हवा आत गेली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, बस. हजारोंचं काम सांगितलेल्या गाड्या या एका भोकावर सुटल्यात. आवाज नाही आला तर टाकीतल्या गंजाने तोंड बंद होतंय.

प्र. आयडलिंग जमत नाही, थरथरते, स्क्रू फिरवून फिरवून वैतागलो.
कार्बोरेटरचा स्क्रू सोडा. या गाडीला क्रँककेसमधला वाफारा इनटेकमध्ये परत ओढणारी झडप आहे, १९४० च्या दशकात, हो. पाण्यातून गाडी घालायची तर चेंबर बंद पाहिजे म्हणून ती दिलेली. मॅनिफोल्डवर असते आणि बहुतेकांना ती आहे हेच माहीत नसतं. ती उघडी अडकली की सतत फालतू हवा आत. पाच मिनिटांसाठी ती लाइन बुजवा, आयडल सुधारलं तर चोर सापडला, झडप काढून केरोसीनमध्ये धुवा. नाही सुधारलं तर मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर ऑइलच्या कॅनने थेंब सोडत जा, जिथे ऑइल आत ओढलं जाऊन आवाज बदलतो तिथे गळती.

प्र. अॅक्सिलेटर दाबला की एक क्षण मरते आणि मग उचलते.
कार्टर कार्बोरेटरचा अॅक्सिलेटर पंप. आतलं कातडं वाळलंय. वरून आत बघत झटकन ओढा, पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. नवीन किट येईपर्यंत कातडं ऑइलमध्ये भिजवून फुगवलं की काम चालतं. कार्बोरेटर उघडलाच आहे तर फ्लोटची उंचीही बघून घ्या, तीन अष्टमांश इंच.

प्र. गरम होते. रेडिएटर दोनदा रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून झाला.
मग रेडिएटर नाहीये. बऱ्याचदा ब्लॉकच्या आत, शेवटच्या सिलिंडरच्या मागे, गाळ घट्ट बसलेला असतो, नुसतं पाणी सोडून निघत नाही. वेल्च प्लग (ब्लॉकला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल टिकल्या) काढा, तारेने खरवडा, उलट्या दिशेने पाणी मारा, जे निघतं ते बघून तुम्हाला विश्वास बसणार नाही. नंतर विहिरीचं-बोअरचं खारं पाणी घालणं बंद करा.
टायमिंग मागे असेल तरी गरम होते, मिश्रण उपाशी असेल तरी होते, ब्रेक धरून राहिले असतील तरी होते. उतारावर न्यूट्रलला गाडी स्वतःहून गडगडत नसेल तर आधी चाकं बघा. आणि थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला ऐकू नका, इंजिन कायम थंड चालून ऑइलमध्ये पाणी धरतं.
रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड पॅकिंग. कॉम्प्रेशन मोजा, चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा पीएसआयमध्ये पाहिजेत. शेजारचे दोन एकदम खाली असतील तर पॅकिंग त्यांच्यामध्ये फुटलंय. हेड काढल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट आणि बोअर यांच्यामध्ये केसासारखी चीर आहे का बघा, साइड व्हॉल्व्ह ब्लॉकचं ते ठरलेलं दुखणं. दिसत नसेल तर पावडर आणि स्पिरिट लावून बघा.

प्र. ऑइल प्रेशर किती पाहिजे?
गरम झाल्यावर आयडलला १० पीएसआयच्या खाली नको, रस्त्यावर ३५ च्या पुढेमागे. एकदम कमी दिसलं तर आधी दुसरा, खात्रीचा गेज लावून बघा, मूळ गेज ऐंशी वर्षांचा आहे. एसएई ३० ऑइल आपल्या हवेला बरं.

प्र. धूर?
काळा म्हणजे पेट्रोल जास्त, चोक अर्धवट अडकलाय का बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, म्हणजे पॅकिंग. सकाळी सकाळी थोडा पांढरा निघून थांबत असेल तर तो दव आहे, झोपा निवांत.

प्र. खालून ठकठक येते.
एकेका प्लगची वायर काढून बघा. ज्याची काढल्यावर आवाज कमी होतो त्याचं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा, क्रँकवर ओरखडा गेला की खर्च कुठच्या कुठे जातो. समोरून खळखळ येत असेल तर टायमिंग चेन सैल.

प्र. १२ व्होल्ट करून घेऊ का?
मन करत असेल तर करा, पण '६ व्होल्टने चालू होत नाही' म्हणून करू नका. वरचं केबलचं प्रकरण सुधारलं की ६ व्होल्टवर ती अर्ध्या फिरकीत चालू होते. केलंच तर कॉइल, बल्ब, गेज सगळं बदलावं लागतं, आणि सेल्फ १२ वर इतक्या जोरात फिरतो की रिंग गिअरचे दात खातो. ६ वरच राहणार असाल आणि डायनामो खोलला असेल तर परत लावताना तो पोलराइज करायला विसरू नका, रेग्युलेटरच्या बॅटरी आणि आर्मेचरच्या खुंट्या तारेने क्षणभर टेकवायच्या, ठिणगी पडते, झालं. विसरलात तर उलटा चार्ज होऊन कटआउट जळतो.

प्र. हँडल मारून चालू करताना हात मोडतो म्हणतात, खरंय?
खरंय, टायमिंग पुढे असेल तर. अंगठा दांड्याभोवती गुंडाळायचा नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि फक्त खालून वर ओढायचं. गोल गरगर फिरवायचं नाही. उलटा झटका आला तर हात मोकळा सुटतो.

प्र. हायवेला किती पळवू?
डॅशबोर्डच्या पाटीवर ६५ मैल लिहिलंय म्हणून कोणी १०० ला नेऊ नका. अॅक्सलचं प्रमाण ४.८८ आहे, ताशी ९५ किलोमीटरला इंजिन साडेतीन हजार फेऱ्यांच्या वर ओरडत असतं आणि पूर्ण ६० हॉर्सपॉवर ते ४ हजाराला देतं. ६५-७० ठेवा. मागचे ट्रकवाले हॉर्न मारतील, डावीकडे घ्या आणि जाऊ द्या. सोबत पॉइंट, कंडेन्सर, रोटर, एक कॉइल, पंपाचा डायफ्राम, वीस थाउची पट्टी आणि दोन लिटर पाणी असू द्या. आणि हँडल, सीटमागे नीट बांधून, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात वाजतं.